तुमच्या बंधूंचं पथ्य सुटलं

तीर्थरूप वन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरलेली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढंच वाकून). तुमचे गुडघे, तुमची साखर आणि तुमची सून, तिन्ही ताब्यात आहेत असं धरून चालते. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुमचं बोलणं मात्र शेजारपाजारच्यांनाही ऐकू जातं, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढलेल्या बाईला ते सहन होत नाही. नोकरीत असताना असं बोलणाऱ्यांची लाइन मी तोडत असे. म्हणून पत्र. शिवाय तुमच्या बंधूंचा हुकूम आहे की प्रत्येक वाक्य लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचं. वीज खात्यात मीटर तपासणीस होते, साक्षीदाराशिवाय झालेली नोंद त्यांना चालत नाही. खिडकीजवळच्या खाटेवर पडून ते ऐकताहेत. तेव्हा पुढे कंसात जे येईल त्यातलं निम्मं त्यांचं समजा. (ते म्हणतात, 'हुकूम' खोड आणि 'विनंती' लिही. खोडत नाही.)

तक्रार तुमच्याविरुद्ध आहे हे आधीच सांगून टाकते. हे निवृत्त झाले तेव्हा तुम्ही त्यांना सोलर कुकर पाठवलात. दुसऱ्यांच्या बहिणी घड्याळ देतात, स्वेटर देतात. तुम्ही दिलीत काळी पेटी, तिला वर काच, काचेला आरशाचं झाकण, आणि वर निरोप, की आता तुझे हात रिकामे आहेत, तेव्हा बायकोला थोडी मदत कर. मदत. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराचं जे झालं ते शत्रूच्या स्वयंपाकघराचंही होऊ नये. जन्मभर दुसऱ्यांच्या मीटरमध्ये डोकं घालून चोऱ्या पकडणाऱ्या या माणसाला एकाएकी स्वतःचं मीटर थांबवायचा नाद लागला. रोज सकाळी दात घासता घासता जिन्याखाली मीटरसमोर जाऊन उभे राहायचे. आकडा हलला नसला की चेहरा असा खुलायचा की आमच्या लग्नातसुद्धा तो तेवढा खुलला नव्हता. (लग्नात माझं डोकं दुखत होतं, असं ते म्हणतात. इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. पाहा, पत्र लिहिण्याचे फायदे.)

मग एकेक सुरू झालं. अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात ओतायचं. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. वाऱ्यानं त्या फुगायच्या आणि खालून पाहणाऱ्याला वाटायचं, या घरात कुणी फुप्फुसं वाळत घातली आहेत. मी ज्या खोलीत असेन त्या खोलीतला दिवा ते बाहेरून जाता जाता बंद करायचे. अंधारातून मी म्हणायची, अहो, मी आहे आत. तर उत्तर यायचं, मग आवाज करायचा ना. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शांत बसायला शिकवण्यात दहा वर्षं घालवली आणि इथे शांत बसलं की अंधार. आम्हाला मूलबाळ नाही याची आठवण तुम्ही मला वेळोवेळी करून दिलेलीच आहे. तर साठी उलटल्यावर तुमच्या बंधूंनी गांडुळं पाळली. बाल्कनीत झाकणाचा डबा, त्यात सालं, देठं, चहाचा चोथा आणि ती. त्यांना काय मानवतं, काय नाही, यावर आमच्याकडे जेवताना चर्चा व्हायची. लिंबाची सालं त्यांना सोसत नाहीत. मला वांगं सोसत नाही हे मात्र इतक्या वर्षांत कधी लक्षात राहिलं नाही. (लक्षात आहे म्हणतात. मग खाटेला लागेपर्यंत वांगी आणत कोण होतं, ते विचारलं तर खिडकीबाहेर पाहताहेत.)

पुढे इमारतीच्या सेक्रेटरीशी, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थाशी, भांडभांड भांडून गच्चीवर आमच्या नावाची सोलर पॅनेलं बसवली आणि शेजारी टोमॅटोच्या कुंड्या ठेवल्या. तुमची पेटीही तिथेच. डाळ सकाळी पेटीत जायची आणि ऊन असेल तर दुपारी शिजायची, ढग आला तर संध्याकाळी, आणि ढग मुक्कामाला राहिला तर ती भिजलेली डाळ म्हणूनच पानात पडायची. आमच्या वेळा आम्ही ठरवत नव्हतो, ढग ठरवत होता. तरी मी तोंड उघडलं नाही. (हे वाचल्यावर ते हसले आणि हसता हसता खोकला लागला, म्हणून मी पाच मिनिटं लिहायची थांबले होते. आता ठीक आहेत.)

मग आजार आला. मला आडवळणानं बोलता येत नाही, कॅन्सर, रक्ताचा. बातमी ऐकल्यावर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, घरात काय खायला घालत होतीस गं त्याला. तो प्रश्न मी जपून ठेवलेला आहे, पण आज तो काढत नाही. केमो सुरू झाली, केस गेले, तोंड आतून सोलून निघालं, आणि हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मुलीनं आम्हा दोघांना समोर बसवून नियम सांगितले. दिसायला शाळकरी, बोलायला फौजदार. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या आहेत, म्हणाली, की एखादा न धुतलेला टोमॅटोसुद्धा यांना घेऊन जाईल. कच्चं काही नाही. शिळं काही नाही. पाणी खळखळून उकळलेलं. कच्च्या भाजीची सुरी वेगळी, शिजलेल्याची वेगळी. अन्न एकतर वाफाळतं किंवा फ्रिजमध्ये कडक गार. कोमट म्हणजे जंतूंचं माहेर. आणि माती, कुंड्या, खत, गांडुळं यांच्या आसपास फिरकायचं नाही. ती हे कागदावर लिहून द्यायला लागली तर मी म्हटलं, नको, आमच्या शाळेत पाठांतर करून घेत. तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. तुमचे बंधू माझ्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत मी इतकी आनंदात दिसले नव्हते, असं नंतर म्हणाले. आनंद कसला, वन्सं. माणूस हातातून चालला असताना कुणीतरी धरायला नियम दिले, मी धरले.

आणि धरले ते असे धरले की आमच्या मदर सुपीरियरनं स्वर्गातून मान डोलावली असेल. चिरायचे दोन पाट, दोन सुऱ्या, त्यांच्या मुठींना वेगवेगळ्या रंगाचे दोरे. डाळीत थर्मामीटर, भातात थर्मामीटर, फ्रिजमध्ये थर्मामीटर. माणसाचा वेगळा होता. (एकदा अदलाबदल झाली, त्याबद्दल कंसात काही यायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे.) गांडुळांचा डबा सेक्रेटरींच्या ताब्यात दिला, ते नाक मुरडत का होईना पण सालं घालायचे. पेटीला कुलूप. तुमच्या बंधूंना मी उकळायची ते पाणी सोसेना. स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभे राहायचे आणि शेगडीकडे पाहून म्हणायचे, एका म्हाताऱ्याला वाचवायला तू अख्खी पृथ्वी उकळतेयस. मी म्हटलं, पृथ्वीशी माझं लग्न झालेलं नाही.

आता मुख्य गुन्हा. (ते म्हणतात 'प्रयोग' लिही.) पॅनेलं दिवसा चालतात, फ्रिज दिवसरात्र चालतो, म्हणजे दिवस मावळला की मीटर पुन्हा फिरायला लागतं. ही एकच गळती घरात उरली आहे, हे तुमच्या बंधूंच्या मनात खाटेवर पडल्या पडल्या घर करून बसलं. सगळं बंद केलेल्या माणसाला विचार करण्यापलीकडे काम नव्हतं. त्यांनी काय केलं, तर पाण्याच्या बाटल्या दिवसा बर्फाच्या कप्प्यात गोठवायच्या, संध्याकाळी मी खाली दूध आणायला गेले की त्या खालच्या फळ्यांवर मांडायच्या आणि फ्रिजचा खटका बंद करायचा. सकाळी माझ्या आधी उठून पुन्हा चालू. फ्रिजच्या आतला दिवा काटकसरीपायी त्यांनी कधीच काढून टाकलेला, त्यामुळे दार उघडूनही मला कळायचं नाही. थंडी साठवतो, असा त्यामागचा सिद्धांत. मी फ्रिजचा थर्मामीटर रोज पाहायची, पण दुपारी, आणि दुपारी सगळं जागच्या जागी. अधिकारी तपासायला येणार त्या दिवशी हॉटेलं जशी झाडलेली असतात तसा आमचा फ्रिज दुपारी कडक गार. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडल्या त्याला तपासणीची वेळ चुकवायला कुणी शिकवायला नको होतं. सीलबंद मीटरमध्ये कशी फसवाफसवी करतात याच्या गोष्टी याच माणसानं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी रंगवून सांगितल्या होत्या. मी तेव्हा कौतुकानं ऐकल्या.

थंडीच्या दिवसांत हे निभावलं. मग उकाडा वाढला आणि बाटल्यांचं पहाटेआधीच पाणी व्हायला लागलं. त्या सुमारास तोंडाच्या फोडांमुळे त्यांना एकच पदार्थ गिळता यायचा, तो म्हणजे गार कस्टर्ड. दूध, अंडी, साखर, सिस्टरांच्या स्वयंपाकघरात मी शिकले होते ते. तुम्ही त्याला 'गोऱ्यांची खीर' म्हणून नाकं मुरडली होतीत. ते मी दुपारी करायची, झाकून फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी चमच्यानं भरवायची. कस्टर्ड माझं, थंडी त्यांची. एके सकाळी भरवलं आणि दुपारपर्यंत ताप असा चढला की दात वाजायला लागले, आणि पोटाचं काय झालं ते तुमच्यासारख्या थोरल्या माणसाला लिहीत नाही. त्याच वाडग्यातलं मीही खाल्लं होतं. मला ढेकरसुद्धा आला नाही. वसतिगृहाच्या जेवणावर वाढलेलं पोट. त्याला मारायला कस्टर्ड पुरत नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपलं धडधाकट असणं ही लाजेची गोष्ट आहे.

ॲम्ब्युलन्समध्ये त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. ओठ हलत होते. मी कान तोंडाशी नेला. वाटलं, काही शेवटचं सांगायचं असेल, आणि मी त्यासाठी चेहराही तयार केला. तुमचे बंधू म्हणाले, फ्रिजचा खटका बंद आहे, आज चालू करायला विसरलो. मी काही बोलायच्या आत मान वळवून ड्रायव्हरला विचारलं, गाडी डिझेलवर आहे का बॅटरीवर. डिझेल म्हटल्यावर डोळे मिटून घेतले. (ते म्हणतात, चौकशी करण्यात गैर काय. काही नाही. मी ड्रायव्हरसमोर हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि तो मनातल्या मनात म्हणाला असेल, पेशंट कोण नक्की.)

हॉस्पिटलातले ते दिवस मी तुम्हाला तेव्हा सांगितले नाहीत, कारण तुम्ही आला असता आणि मग मला दोघांना सांभाळावं लागलं असतं. वॉर्ड एवढा गार की पेशंट स्वेटर घालून झोपलेले, खिडक्या कायमच्या बंद, आणि भर दिवसा डोक्यावर सगळ्या ट्यूबलाइट चालू. सलाइन लागलेल्या हातानं तुमचे बंधू त्या मोजत पडायचे. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता, त्याचाही आजार हाच. दोघांची गट्टी जमली. शिंप्यानं आयुष्य एका बल्बखाली काढलेलं, त्याला यांचं म्हणणं पटलं. दोघं मिळून नर्सची पाठ वळली की दिवे बंद करायचे आणि शाळकरी पोरांसारखे पांघरुणात तोंड लपवायचे. नर्स मला बोलायची, तुमच्या माणसाला सांगा. मी म्हणायची, माझं ऐकत असता तर इथे आला असता का. मग एका सकाळी शिंप्याची खाट रिकामी होती. गादीवर रबरी कापड तेवढं उरलं होतं, आणि त्या खाटेवरचा दिवा चालू. हे उठले, सलाइनचा खांब ढकलत भिंतीपर्यंत गेले आणि तो एक दिवा बंद करून आले. परत येऊन म्हणाले, त्याच्या डोळ्यांवर यायचा तो. (इथे कंसात काही नाही. ऐकून नुसते पडून आहेत.)

असो. घरी आणलं, आणि आता पत्राच्या मुद्द्याकडे येते. गेल्या भेटीत मोठ्या डॉक्टरांनी केमो थांबवली आणि पथ्य सोडलं. सरळ म्हणाले, आता यांना काय हवं ते खाऊ द्या. तुमच्या बंधूंनी माझ्याकडे असं पाहिलं जसा एखादा दावा वरच्या कोर्टात जिंकलाय. मी तिथेच आक्षेप घेतला. नियम म्हणजे काय पाहुणे आहेत, आले आणि गेले? कालपर्यंत ज्या टोमॅटोनं माणूस मरत होता तो आज एका वाक्यात निर्दोष कसा सुटला? डॉक्टर म्हणाले, आता चालेल. यांच्या मते याचा अर्थ उघड आहे. पांढऱ्या पेशी परतल्या, आणि पूर्वीपेक्षा दांडग्या होऊन परतल्या. तेव्हापासून घरात माझं राज्य खालसा झालेलं आहे. गांडुळं माहेरी परत आली; सेक्रेटरींनी डबा पोचवताना मला विचारलं, आता बरे आहेत ना? मी म्हटलं, गांडुळं ना, टुणटुणीत. गच्चीवरचा पहिला पिकलेला टोमॅटो त्यांनी धुऊन घेतला नाही, चिरून घेतला नाही, सदऱ्याला पुसला आणि तसाच चावला. हनुवटीवरून रस गळत होता. एवढ्याशा टोमॅटोला अर्धा तास लागला, आणि मी समोर हात बांधून उभी. पेटीचं कुलूप निघालं. काल त्यातली डाळ आमच्यापुढे आली ती इतकी कोमट की जंतूंनी बाळंतपणं उरकून बारशीसुद्धा केली असतील. दोन घास खाऊन म्हणाले, अक्कानं दिलेल्या पेटीची चवच वेगळी. मी म्हटलं, हो, अक्कांच्या सगळ्याच गोष्टी शिजायला वेळ लागतो. (हे लिहू नको म्हणाले. लिहिलं.)

तेव्हा तक्रार एवढीच. तुमचे बंधू बरे झाल्याच्या आनंदात माझ्या डोक्यावर बसले आहेत, आणि याचं मूळ तुमची पेटी आहे. तिथल्या लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार आणि तुमच्या सुनेला माझी मनापासून सहानुभूती.

तुमची,
(त्यांच्या मते हेकट) भावजय

ता. क. : हे त्यांनी सांगितलेलं आहे, शब्दशः उतरवते. पेटीच्या काचेभोवतीची रबरी पट्टी झिजली आहे आणि उष्णता गळते. अक्का, तू जिथून पेटी घेतलीस तिथे पट्टी मिळेल, पाठवून दे, घाई नाही. त्यांचं इथे संपलं. मुळात मला पत्र लिहायला बसवलं ते एवढ्या पट्टीसाठी. बाकीचं सगळं माझ्या खर्चानं.

ता. क. दुसरा : वन्सं, हे मी पोस्टातल्या बाकावर बसून लिहितेय. पाकीट त्यांच्यासमोर चिकटवल्याचं नाटक केलं, गोंद लावलाच नव्हता. इथून पुढचं त्यांनी ऐकलेलं नाही.

पेशी परतलेल्या नाहीत. त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना वजन करायला आयाबरोबर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं तेव्हाच मला कळलं. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाईट बातम्या जोडून दिल्या आहेत, बोलण्याआधीचा तो श्वास मला ओळखता येतो. म्हणाले, औषध आता लागू पडत नाही आणि आणखी दिलं तर औषधच नेईल. मी विचारलं, मग जेवणाचे नियम? म्हणाले, त्यांचा आता उपयोग नाही, आवडेल ते द्या, जेवढं जाईल तेवढं. मी म्हटलं, मला नियम परत द्या. निदान उकळलेल्या पाण्याचा तरी ठेवा. माझ्या नोकरीपेक्षा कमी वयाचा तो माणूस, त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, उकळा, तुम्हाला बरं वाटत असेल तर उकळा. मी उकळते. वर मी जो आक्षेप लिहिला आहे तो मी खरंच घेतला होता, फक्त तेव्हा तुमचे बंधू खोलीत नव्हते. ते परत आल्यावर डॉक्टरांनी त्यांच्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हसून, आणि मी चिडल्याचं नाटक केलं. ते मला चांगलं जमतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

आता अडचण अशी. मी भांडायचं थांबवलं तर त्यांना कळेल. म्हणून मी नवे नियम काढते आहे. टोमॅटोला मीठ लावायचं नाही. ऊन उतरल्यावर काकडी नाही. गांडुळांना हात लावला तर कोपरापर्यंत धुवायचा. यातलं एकही कुणा आहारतज्ज्ञानं सांगितलेलं नाही, सगळं माझ्या डोक्यातलं. ते मोडतात, मी ओरडते, दिवस जातो. पण त्यांच्याकडे आता मोडायलाही ताकद उरत नाही, आणि माझ्याकडे नवे नियम उरत नाहीत.

ता. क. तिसरा : तिकिटं लावून झाल्यावर पुन्हा बाकावर येऊन बसले. मघाशी 'त्यांना कळेल' असं लिहिलं, पण मला वाटतं त्यांना कळलेलं आहे. परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून बाहेर आले. मुद्दाम. वाट पाहत बसले. त्यांनी त्या दिव्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, राहू दे, घरात उजेड असला की बरं वाटतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला आणि तो वाहतोय तोवर उभी राहिले. बाहेर आले तर नळाबद्दलही चकार शब्द नाही. म्हणाले, भूक लागलीय का तुला. आणि आज सकाळी मला बळेच गच्चीवर नेलं, दोन जिने, प्रत्येक पायरीवर थांबून, आणि आरसा सूर्याकडे कसा वळवायचा ते माझ्या हातानं करून घेतलं. इतक्या वर्षांत कधी हात लावू दिला नव्हता. मी म्हटलं, मला काय करायचंय शिकून. म्हणाले, माझा खांदा दुखतो हल्ली. मी म्हटलं, बरं. अशी आमची दोघांची नाटकं एकाच घरात चालली आहेत, आणि दोघांनाही प्रेक्षक नाही.

म्हणून मागते. या. पट्टी मिळो न मिळो, या. रडणं गाडीतच उरकून घ्या, स्टेशनवर तोंड धुवा, आणि दारातून आत येताच मला बोलायला लागा. घर कसं ठेवलंय, डाळ कसली केलीय, माझ्या भावाची हाडं वर आलीत, कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाक शिकवत नाहीत का. मी उलट उत्तरं देईन, मागे हटणार नाही. तुम्हीही हटू नका. त्यांनी मध्ये पडून दोघींना गप्प करावं, निदान एकदा. एरवी त्याचा त्यांना किती ताप व्हायचा. आता त्यांना तेवढंच ऐकायचं आहे, हे मला त्यांच्या पाठीकडे पाहूनसुद्धा कळतं.

गुडघ्यांमुळे लगेच निघता येणार नसेल तर आधी पत्र पाठवा. पाकिटावर त्यांचं नाव घाला आणि आत माझ्याविषयी वाईट लिहा. काय लिहायचं ते मी सुचवायला नको, तुमच्याकडे लग्नापासूनचा साठा आहे. त्यांना हल्ली अक्षरं लागत नाहीत. मी मोठ्यानं वाचून दाखवीन, एक शब्द गाळणार नाही.